दुसऱ्याचा एक्स-रे

“पलस्तर मी घालून देतो आजी, पण हाड तं तुह्यं तुलेच जोडा लागते.”

डॉ. संघर्ष मुनेश्वर हे वाक्य कधीतरी एका म्हातारीला बोलून गेला आणि विसरलाही असेल. पण वाक्य जिल्हाभर फिरलं. एसटीत ऐकू यायचं, कापसाच्या काट्यावर ऐकू यायचं. सोसायटीच्या निवडणुकीत आपटलेल्या एका उमेदवाराला त्याच्या मेव्हण्याने हेच ऐकवलं म्हणे, आणि दोघांनी मिळून चहा घेतला.

डॉ. अतुल गावंडेला हे वाक्य पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला वाटलं, यात एवढं काय आहे? हाड शरीरच जोडतं, डॉक्टर ते फक्त जागेवर धरून ठेवतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तरी ते डोक्यातून जाईना. शेवटी एकदा त्याने स्वतःच्या ओपीडीत एका पेशंटला तेच वाक्य जरा शुद्ध करून म्हणून पाहिलं. पेशंट दारव्ह्याकडचा शिक्षक होता. तो समाधानाने हसला आणि म्हणाला, “हो, मुनेश्वर साहेबही असंच सांगतात.” त्या दुपारी अतुलच्या डब्यातली वांग्याची भाजी तशीच घरी परत गेली.

दोघेही हाडांचे सर्जन. दोघेही यवतमाळात, एकाच वयाचे, एकाच कॉलेजातून निघालेले. अतुलचं हॉस्पिटल दारव्हा रोडला, तीन मजली, काचेच्या दर्शनी भिंतीचं. संघर्षचं आर्णी रोडला, एका जुन्या सिमेंटच्या दुकानाच्या वर. पायऱ्या इतक्या उभ्या की मोडक्या पायाच्या माणसाला दोघांनी खुर्चीत बसवून वर न्यावं लागायचं. लोक तरी तिथेच जायचे. हाडाचा डॉक्टर आणि वर पायऱ्या, यावर लोक विनोद करायचे आणि पायऱ्या चढायचे.

संघर्ष मूळचा फुलसावंगीचा. वडील भीमराज पुसदच्या आगारात एसटीचे मेकॅनिक, आई पंचफुलाबाई अंगणवाडीत. घरात पुस्तकं होती तसेच पान्हेही होते. सुट्टीत पोरगा बापाबरोबर बसच्या पोटाखाली झोपायचा आणि कुठला नट कुठल्या नंबरच्या पान्ह्याने सुटतो हे हाताने ओळखायचा. पुढे हाडं शिकताना हेच त्याच्या कामी आलं असं तो सांगायचा. अतुलला त्याचाही राग होता. आपल्याला कोणी बसखाली झोपू दिलं नाही, असं त्याच्या मनात यायचं आणि मग स्वतःचंच हसू यायचं.

मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात दोघे एका खोलीत होते. अतुलच्या वडिलांनी, मारोतरावांनी, मुलाला हाडांचा संच नवाकोरा आणून दिला होता. संघर्षकडे संच नव्हता. तो अतुलचाच वापरायचा. दुपारी कॉटवर पडून, डोळे मिटून, तो पिशवीत हात घालायचा, एक हाड काढायचा, अंगठा फिरवायचा आणि डावं की उजवं ते सांगायचा. मनगटातली खड्यांएवढी हाडंही तो चुकायचा नाही. अतुलला डोळे उघडे ठेवूनही पुस्तक उघडावं लागायचं. हाडं त्याची होती, पण ती ओळख दुसऱ्यालाच द्यायची.

परीक्षेच्या आधी अभ्यासाला म्हणून अतुल त्याला आपल्या गावी न्यायचा. गावंडेंची शेती मोठी, कापूस आणि तूर, आणि अंगणात एक जुना ट्रॅक्टर. मारोतराव मुलाशी फारसे बोलत नसत. जेवण झालं का, पैसे पुरले का, एवढंच. पण संघर्ष आला की ते ट्रॅक्टरपाशी जाऊन बसायचे. गिअर बॉक्स उघडलेला, दोघांच्या कोपरापर्यंत ऑइल, आणि मारोतराव हसताहेत. अतुल ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचा आणि ओळी तशाच सरकून जायच्या. बापाचं ते हसू आपल्याला कधी मिळालं नाही, ते या पोराने दोन पान्ह्यांत मिळवलं, असं त्याला वाटायचं.

घरात एक गोष्ट मात्र अशी होती की तिने त्याला बरं वाटायचं. सगळ्यांना चहा स्टीलच्या कपात असे. विमलताई, अतुलची आई, संघर्षला काचेच्या पेल्यात देत आणि तो पेला वेगळा विसळून वेगळा ठेवत. त्याचा अर्थ अतुलला कळत होता. संघर्षला कळत नसेल असं कसं म्हणावं? तो चहा पिऊन पेला स्वतःच नळाखाली धुवायचा आणि पालथा घालून ट्रॅक्टरकडे जायचा. अतुलने आईला कधी हटकलं नाही. त्या पेल्यापुरता तो जिंकलेला असायचा.

पुढे संघर्षला नागपूरला हाडांच्या शाखेत जागा मिळाली. मित्रांच्या घोळक्यात अतुलच म्हणाला, आपल्याला कोटा नाही ना बाबा. लोक हसले. संघर्षचं नाव खुल्या यादीतही लागलं असतं हे अतुलला माहीत होतं, यादी त्याने स्वतः पाहिली होती. वर्षभराने मारोतरावांनी शेताचा एक तुकडा विकायला काढला आणि अतुलला कर्नाटकात तीच शाखा मिळाली. त्या जागेला काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र कोणी घोळक्यात काढला नाही.

नागपूरनंतर संघर्ष सरकारी नोकरीत वणीकडे गेला. खाणींचं राजूर जवळच. कोळशाच्या खाणीतली माणसं, चुन्याच्या भट्टीवरची माणसं. डंपरखाली गेलेला पाय, पट्ट्यात ओढला गेलेला हात. पुस्तकातलं सरळ मोडलेलं हाड तिथे क्वचितच यायचं. यायचा तो चुरा. संघर्ष तो चुरा जुळवत बसायचा. तापट होता. दोन दिवस तेल चोळून सुजलेला पाय घेऊन कोणी आलं की ओरडायचा, नातेवाइकांना बाहेर काढायचा, मग स्वतः बाहेर जाऊन त्यांनाच चहा विचारायचा. पेशंट तपासताना आधी हात काखेत धरून ऊब आणायचा. कुणालाही टेबलावर झोपवण्याआधी म्हणायचा, चालून दाखव. लंगडणाऱ्या माणसाला व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावून, स्वतः खाली वाकून त्याची पावलं पाहायचा. लोकांना गंमत वाटायची की डॉक्टर पायाच पडतो.

तिथली नोकरी सोडून त्याने आर्णी रोडला दवाखाना काढला, तेव्हा अतुलच्या हॉस्पिटलला काचा लागून काही वर्षं झाली होती. अतुलने उद्घाटनाला मोठा पुष्पगुच्छ पाठवला. स्वतः गेला नाही.

हाडांच्या डॉक्टरांच्यात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही. दुसऱ्याच्या हातचं ऑपरेशन घेऊन पेशंट आपल्याकडे आला की त्याचा एक्स-रे प्रकाशाच्या चौकटीवर लावायचा आणि गप्प राहायचं. कोणी केलं, हे विचारायचं नाही. भुवई उचलायची नाही. कारण पेशंटचे नातेवाईक एक्स-रे पाहत नसतात, डॉक्टरचा चेहरा पाहत असतात. एक भुवई पुरते. ती जिल्हाभर जाते आणि परत येईपर्यंत तिची शिवी झालेली असते.

अतुलला ही रीत चांगली माहीत होती, म्हणूनच ती कशी मोडायची हेही माहीत होतं. राजूरच्या हिरासिंग नावाच्या डंपर ड्रायव्हरचा पाय संघर्षने वाचवायचा प्रयत्न केला होता. जखमेत घाण खोलवर गेली होती, पू झाला, शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. असं होतं, चांगल्यातल्या चांगल्याच्या हातून होतं. हिरासिंगचे भाऊ जुन्या फिल्म घेऊन अतुलकडे आले. अतुलने फिल्म लावली. खोटं एक अक्षर बोलला नाही. फक्त जरा जास्त वेळ पाहिलं, ओठ मिटून श्वास सोडला आणि विचारलं, “कुठं केलं होतं हे?” भावांनी दुसऱ्या दिवशी आर्णी रोडला जाऊन काउंटरची काच फोडली. हे कसं घडलं ते संघर्षला कळलं असणारच. यवतमाळात असं झाकून राहत नाही. डॉक्टरांच्या संघटनेच्या जेवणात तो अतुलशेजारी बसला आणि त्याने मारोतरावांची तब्येत विचारली. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाचा हेवा करता येत नाही.

तर असे ते दोघे, आणि तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, दिवशी मारोतराव पडले.

म्हातारे आता मुलाकडेच राहत होते. नातीने, खुशीने, चाकांचा लाकडी नंदी सजवून पोर्चमध्ये ठेवला होता. बाहेर पोरांचा गलका ऐकून मारोतराव उठले, नंदीच्या चाकाला अडखळले आणि डाव्या कुशीवर आदळले. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड झालेला. अतुलला एक्स-रेही काढायची गरज नव्हती. खुब्याखाली मोडलं होतं.

स्ट्रेचरवरच मारोतराव म्हणाले, “त्या संघर्षले बोलाव.”

सर्जन स्वतःच्या माणसावर सुरी चालवत नाही. ही दुसरी रीत, आणि ही शहाणपणाची. हात घरच्या माणसाच्या अंगावर आपला राहत नाही. अतुलने दुसऱ्या कुणाला बोलावलंही असतं, नागपूरहून, अमरावतीहून. पण बापाने नाव घेतलं ते एकच. आणि काचेच्या त्या तीन मजल्यांत, त्याच्या स्वतःच्या स्टाफसमोर घेतलं.

“तो हैदराबादला गेलाय बाबा, कॉन्फरन्सला,” अतुल म्हणाला. “मीच करतो.”

संघर्ष त्या वेळी आर्णी रोडलाच होता. रविवार नव्हता, नाहीतर फुलसावंगीला गेला असता. रविवारी तो तिथल्या विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये बसून गावातले दुखणारे गुडघे तपासायचा.

मोडलेल्या खुब्याचं हे ऑपरेशन अतुलने शेकडो वेळा केलेलं होतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं असतं. खालून एक जाड स्क्रू मोडलेल्या जागेतून नेऊन त्या चेंडूत बसवायचा असतो. सगळी कला एवढीच की स्क्रू चेंडूच्या मधोमध बसला पाहिजे, समोरून पाहिला तरी आणि बाजूने पाहिला तरी. तो वरच्या कडेला बसला तर म्हाताऱ्या हाडात, पेशंटने भार टाकताच, हळूहळू चिरत बाहेर येतो.

ममता भूल द्यायला आली. तीही दोघांच्याच वर्गातली. छोट्या शहरात भूल देणारे डॉक्टर एका जागी नसतात, आपली बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात, आणि कुणाचा हात कसा चालतो हे साऱ्या गावात त्यांनाच ठाऊक असतं. म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं. अतुलला तिला कितीदा विचारावंसं वाटलं होतं की आमच्या दोघांत बरं कोण. तिने सांगितलं नसतं, म्हणून विचारलं नव्हतं.

ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, जुना माणूस रामधन पाय ताणून धरणारं टेबल लावत होता. लावता लावता सहज बोलला, “मुनेश्वर सर तं हे चहा निवायच्या आत आटपतात म्हनतात.”

कोणी म्हटलं, केव्हा म्हटलं, कुणाला ठाऊक. पण ते अतुलच्या कानात गेलं आणि हातात उतरलं. पाय ताणून हाड जागेवर येईपर्यंत थांबायचं असतं. तो थोडा कमी थांबला. स्क्रूला वाट दाखवणारी तार घातली, सी-आर्मवर समोरून पाहिली. ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं ते यंत्र फिरवून बाजूनेही पाहायचं असतं. त्याला वेळ लागतो, चादरी पुन्हा नीट कराव्या लागतात.

“अतुल, बाजूनं एकदा बघून घे,” ममता डोक्याकडून म्हणाली.

“बरोबर आहे.”

स्क्रू बसला, प्लेट बसली, टाके पडले. रामधन कौतुकाने घड्याळाकडे पाहून म्हणाला, लवकर झालं सर. अतुलला त्या क्षणी झालेला आनंद लहान पोरासारखा होता, शर्यतीत पहिला आलेल्या. शर्यतीत दुसरं कोणी नव्हतं.

नंतरच्या फिल्ममध्ये स्क्रू वर दिसला. फार नाही, थोडासा. अतुलने फिल्म पाकिटात घातली आणि स्वतःला सांगितलं, चालून जाईल. डॉक्टर हे वाक्य स्वतःच्या पेशंटबद्दल बोलतो तेव्हा त्यात आशा असते. बापाबद्दल बोलला तेव्हा त्यात फक्त भीती होती, आणि ती बापासाठी नव्हती.

तूर फुलावर आली तोवर मारोतराव वॉकर घेऊन चालू लागले होते. मग एके सकाळी त्यांना पाय टाकता येईना. जांघेत कळ, पाय पुन्हा आखूड. नवी फिल्म निघाली. स्क्रूचं टोक चेंडू फोडून बाहेर आलं होतं. अतुलने बापाला सांगितलं, “हाड फार मऊ आहे बाबा तुमचं. त्यानं स्क्रू धरला नाही.” आईलाही तेच सांगितलं, बायकोलाही. नागपूरला नेऊ म्हणाला.

मारोतराव भिंतीकडे पाहत म्हणाले, “आला का तो हैदराबादहून?”

ममताने बाहेर व्हरांड्यात त्याला गाठलं. ती आवाज न चढवता बोलली, पण जे बोलली त्याचा मतलब एवढाच होता की संघर्षला तू फोन करतोस की मी करू.

फोन करणं त्याला जमलं नाही. फोनवर दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याला चेहरा पाहायचा होता. तो फिल्म घेऊन आर्णी रोडला गेला, त्या उभ्या पायऱ्या चढला. बाकावर पेशंट दाटीने बसलेले. एक म्हातारा, पायाला पट्टी, त्याला ओळखून सरकला. “बसा साहेब. इथं नंबर लागते.” आणि जरा थांबून, “तुमचं काय मोडलं?” बाकावरचे सगळे हसले. अतुल बसला. समोरच्या भिंतीवर ना पदव्या होत्या ना सत्काराचे फोटो, एक बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी गुडघ्याच्या व्यायामाचा तक्ता. दारातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं दिसत होतं. ते काय आहे हे शोधायचा अतुलने प्रयत्न केला. आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे त्याने कधी पाहिले नव्हते.

संघर्षने त्याला पाहताच आत बोलावलं. अतुलने काही न सांगता फिल्म पुढे केली. संघर्षने ती चौकटीवर लावली.

अतुल त्याच्या भुवयांकडे पाहत राहिला. तीच वेळ होती. एक बारीक हालचाल, ओठांची एक सुरकुती, एवढं मिळालं असतं तरी त्याला या माणसाचा द्वेष सुखाने करता आला असता. संघर्ष बराच वेळ फिल्म पाहत उभा होता. चेहरा फिल्मसारखाच, करडा आणि स्थिर.

“काकांची शुगर?”

“आटोक्यात आहे.”

“जेवण नीट आहे?”

“कमी झालंय.” मग अतुलला राहवलं नाही. “बाबांना मी सांगितलंय, हाड मऊ होतं म्हणून. ते खरंही आहे. ऐंशीचं हाड आहे शेवटी. त्यांनी तुला विचारलं तर—”

संघर्षने फिल्म काढून पाकिटात घातली. “शुक्रवारी करू. तुह्याकडंच. जुनं सगळं काढून सांधाच बदलून टाकू. ममताले सांगून ठेव. अन् समोर तू उभा राह्य, दुसरा कोनी नको.”

एवढंच. पायऱ्या उतरताना अतुल विचार करत होता की समोर उभं राहायला का सांगितलं. अपमान करायला? तर मग स्टाफसमोर करणार. दया म्हणून? तर ते अपमानाहून वाईट. दोन्ही नसेल, तर तिसरं काही त्याला सुचेना.

गुरुवारी संध्याकाळी संघर्ष मारोतरावांना तपासायला आला. काखेत हात धरून ऊब आणली, मग पायाला हात लावला. मारोतराव त्याला इतक्या दिवसांनी पाहून उजळले. “तू हैदराबादले गेलतास म्हने तवा.”

विमलताई, सून, अतुल, सगळे खोलीत होते. संघर्षने कुणाकडे पाहिलं नाही. “आलो नं काका आता,” म्हणाला.

या माणसाने त्याचं एक खोटं उचलून बाजूला ठेवलं होतं, वाटेतला दगड ठेवावा तसं. उद्या दुसरंही ठेवील. आभार मानावेत की तोंडावर थुंकावं, असं दोन्ही एकदम वाटलं.

शुक्रवारी अतुल आपल्याच ओटीत समोरच्या बाजूला उभा राहिला, जखम ओढून धरणाऱ्या शिकाऊ पोराच्या जागी. आणि त्याने पाहिलं की संघर्ष संथ आहे. चहा निवण्याच्या गोष्टी सगळ्या गावाने रचलेल्या होत्या. हा माणूस सुरी उचलण्याआधीच कितीतरी वेळ नुसता पाय हातात घेऊन, वळवून, सोडून, पुन्हा घेऊन उभा होता. रामधन जांभई देत होता. आत गेल्यावरही तसंच. एक थर, थांबणं, बोटाने चाचपणं, पुढचा थर. ज्या वेगाशी अतुल बापाच्या अंगावर धावला तो वेग या जगात कुणाचाच नव्हता.

जुना स्क्रू निघाला तेव्हा संघर्षने तो ट्रेमध्ये ठेवला, आवाज न होऊ देता. अतुल चूक शोधत होता. कुठे हात थरथरेल, कुठे जास्त रक्त जाईल, कुठे अंदाज चुकेल. आपल्या बापाचा खुबा उघडा पडलेला असताना तो समोरच्याच्या चुकीची वाट पाहतोय, हे त्याला कळलं, आणि कळूनही तो वाट पाहतच राहिला. चूक झाली नाही. एका ठिकाणी संघर्षने नुसतं “धर” म्हटलं, आणि अतुलने धरलं ते बरोबर धरलं गेलं. त्या एका शब्दाने त्याला इतकं बरं वाटलं की त्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मारोतराव उभे राहिले. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेले, परत आले. संघर्ष खाली वाकून त्यांची पावलं पाहत होता. विमलताई पलंगाशी उभ्या होत्या, ममता दाराशी. मारोतराव पलंगाच्या कडेवर बसले, श्वास खाली आणला. मग त्यांनी संघर्षचा हात धरला, ट्रॅक्टरपाशी बसायचे तेव्हासारखा नाही, जरा घट्ट.

“एक सांग. खरं सांग, तुले खोटं येत नाही म्हनून विचारून राह्यलो. पयल्या खेपी काय बिघडलं? माह्यं हाडच नासकं होतं, का हात चुकला कोनाचा?”

विमलताई म्हणाल्या, “आता कायले ते? चालले नं तुम्ही.” मारोतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

संघर्ष अतुलकडे वळला. त्या नजरेत दटावणी नव्हती, आणि सांभाळून घेणंही नव्हतं. लंगडणाऱ्या माणसाने पहिलं पाऊल टाकावं म्हणून तो व्हरांड्यात जसा उभा राहायचा तसाच उभा होता, घाई नसलेला. अतुलला कळलं की वेळ आपल्याला दिलेली आहे. बोलावं असं वाटलंही. हात माझा चुकला बाबा, एवढंच तर होतं. पण बाप पाहत होता, आणि बापाच्या हातात अजून त्या दुसऱ्याचाच हात होता.

“हाड मऊ होतं बाबा,” अतुल म्हणाला. “सांगितलं नं मी तुम्हाले.” ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून त्याने हसून संघर्षकडे पाहिलं. “विचारा याले. मऊच होतं ना रे?”

मारोतरावांनी मान वर केली. ममता दारातून जरा बाजूला सरकली.

संघर्षने आपला हात अलगद सोडवून घेतला. वॉकर मारोतरावांच्या हाताला लागेल असा जवळ सरकवला, त्याचे चारही पाय जमिनीला टेकलेत का ते पाहिलं, दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या आणि खोलीबाहेर गेला.